पोर्शे ९११ एससी: थंड असताना लगेच सुरू, गरम झाली की अडते. के-जेट्रॉनिक जाणणाऱ्यांनी मदत करा

सातारी_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, म्हणून सगळी माहिती एकदमच देतो.

गाडी १९८२ ची पोर्शे ९११ एससी, तीन लिटरचं एअर-कूल्ड इंजिन, युरोपीय बाजाराची २०४ पीएसवाली (पीएस म्हणजे अश्वशक्ती). इंधनाला बॉशचं के-जेट्रॉनिक, म्हणजे कार्ब्युरेटर नाही आणि कॉम्प्युटरही नाही. मी लुडविग्सबुर्गला राहतो. ही गाडी जिथे बनली ते त्सुफनहाउझन इथून लोकलने जवळच. आधीच्या मालकाने ती बरीच वर्षं शेडमध्ये उभी ठेवली होती. बॉडी चांगली आहे, इंजिनाचा आवाज खणखणीत आहे, आणि मला ती खरंच वापरायची आहे, झाकून ठेवायची नाही.

त्रास असा. सकाळी थंड इंजिनाला सेल मारला की लगेच सुरू. ऑटोबानवर तासभर पळवा, ओढ कमी होत नाही, मिसिंग नाही. पेट्रोल भरून दोन-तीन मिनिटांत निघालो तरी ठीक. पण कॉफीसाठी वीस-पंचवीस मिनिटं थांबलो की अडलीच. सेल नुसता फिरत राहतो. बराच वेळ मारल्यावर एखाद-दोन सिलिंडर धरतात, गाडी थरथरते, मग हळूहळू सहाही लागतात आणि त्यानंतर पुन्हा सुरळीत पळते. तीन-चार तास उभी राहिली तर परत लगेच सुरू.

इथल्या एका गॅरेजने प्लग आणि फ्युएल फिल्टर बदलले. फरक काही नाही. आता ते म्हणतात, फ्युएल डिस्ट्रिब्युटर बदलावा लागेल. प्रेशर मोजलं का, असं विचारलं तर उत्तर आलं नाही. मी गाडी घरी घेऊन आलो.

एवढं तपासलं आहे: गरम असताना स्पार्क व्यवस्थित आहे, टायमिंग लाइटने पाहिला. सेल मारताना पंपाच्या टर्मिनलवर साडेदहा व्होल्ट मिळतात आणि पंप वाजतो. पेट्रोल सुपर प्लस. पुढे काय करू?

पाना_बारातेरा

सातारकर, पहिलं सांगणं: डिस्ट्रिब्युटरला हात लावू देऊ नका. आमच्याकडे पुण्यात जुन्या मर्सिडीज २३०ई, २८०ई येतात, त्यांच्यातही हेच के-जेट्रॉनिक आहे, आणि हाच त्रास घेऊन येतात. त्यातल्या बहुतेकांचा डिस्ट्रिब्युटर ठणठणीत असतो. तुमच्या गाडीचं थंड असताना आणि पळताना सगळं नीट आहे. डिस्ट्रिब्युटर बिघडला असता तर तो थंड-गरम असा भेद करत बसला नसता.

ही सिस्टिम कशी चालते ते थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

पुढच्या टाकीखालचा इलेक्ट्रिक पंप पेट्रोल मागे इंजिनाकडे पाठवतो. तिथे अ‍ॅक्युम्युलेटर, फिल्टर आणि मग डिस्ट्रिब्युटर. इंजिन हवा ओढतं तेव्हा त्या वाटेतली एक गोल चकती ढकलली जाते. चकतीचा दांडा डिस्ट्रिब्युटरमधला बारीक प्लंजर उचलतो. प्लंजर जितका वर, तितक्या बारीक खाचा जास्त उघडतात आणि सहा नळ्यांतून सहा इंजेक्टरना तितकं पेट्रोल जातं. इंजेक्टरना वायर नाही. साधारण तीन बारच्या वर प्रेशर गेलं की ते आपोआप उघडतात आणि इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत राहतात. नावातला ‘के’ हा जर्मन भाषेतल्या ‘सतत’ या शब्दाचाच आहे.

यात तीन प्रेशर असतात. पहिलं सिस्टिम प्रेशर, तुमच्या गाडीत ४.५ ते ५.२ बार. दुसरं कंट्रोल प्रेशर. हे प्लंजरच्या डोक्यावर बसतं आणि त्याला खाली दाबतं. ते वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. इंजिन थंड असताना हे कमी असतं, म्हणून प्लंजर सहज वर जातो आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. गरम झाल्यावर ते साडेतीन बारच्या आसपास स्थिरावतं. तिसरं रेसिड्युअल प्रेशर, म्हणजे गाडी बंद केल्यावर नळ्यांत शिल्लक राहणारं.

तुमचा दोष या तिसऱ्यात असणार. एअर-कूल्ड इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो. मग पुढची वीस-तीस मिनिटं इंजिनाची सगळी उष्णता वर चढते आणि नळ्या, इंजेक्टर, डिस्ट्रिब्युटर चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. पेट्रोलमधले हलके घटक साध्या हवेच्या दाबाला ४० अंशांच्या आतबाहेर उकळू लागतात. नळीत दाब टिकून असेल तर ते उकळत नाहीत. दाब शून्यावर गेला असेल तर नळ्या वाफेने भरतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून इंजेक्टर उघडतच नाहीत. तीन मिनिटांत निघालात तर उष्णता अजून चढलेली नसते. चार तासांनी निघालात तर सगळं निवालेलं असतं, पंप दोन क्षणांत नळ्या भरून काढतो. तुम्ही लिहिलेलं वेळापत्रक याच्याशी तंतोतंत जुळतं.

आता के-जेट्रॉनिकचा प्रेशर गेज घ्या. गेज, दोन नळ्या आणि मध्ये एक व्हॉल्व्ह असा संच मिळतो. तो डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्या मध्ये लावायचा, व्हॉल्व्ह रेग्युलेटरच्या बाजूला ठेवून. व्हॉल्व्ह उघडा असताना कंट्रोल प्रेशर दिसतं, बंद केला की सिस्टिम प्रेशर. गेज येईपर्यंत एकही पार्ट मागवू नका.

मांडवीकाठी

वाचतोय. मी यातला जाणकार नाही, पण लहानपणीचं आठवलं. वडिलांची फियाट घेऊन आम्ही गोव्याहून घाट चढून बेळगावला जायचो. उन्हाळ्यात चोर्ल्याला गाडी हमखास बंद पडायची. वडील बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि पाच-दहा मिनिटांनी ती सुरू व्हायची. नळीत वाफ होऊन पेट्रोल अडतं त्याला व्हेपर लॉक म्हणतात ना, हा तोच का? आणि तोच असेल तर ९११ ला फडक्याचा इलाज का चालू नये?

पाना_बारातेरा

मांडवीकाठी, कारण तेच, जागा वेगळी. फियाटचा पंप इंजिनालाच बसवलेला, इंजिनाच्या कॅमवर चालणारा. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूला दाब हवेपेक्षाही कमी, त्यात इंजिनाची धग, म्हणून पेट्रोलची वाफ पंपातच व्हायची. पंप वाफ ओढू शकत नाही. ओल्या फडक्याने पंप निवला की वाफेचं परत पेट्रोल व्हायचं. वडिलांचा इलाज अगदी बरोबर जागी होता.

९११ मध्ये पंप पुढे आहे, थंड जागी, आणि तो पाच बारने ढकलतो. चालत्या गाडीत वाफ होणं जवळपास अशक्य. वाफ होते ती गाडी बंद असताना, दाब गळून गेल्यावर, आणि तीही मागच्या सहा नळ्यांत. तिथे फडकं ठेवायला जागाही नाही. शिवाय ज्या इंजिनावर हात ठेवता येत नाही त्याच्या आसपास पेट्रोलच्या नळ्या ओल्या करत बसणं मी कुणालाच सुचवणार नाही.

हडसनकाठ

माझी १९८० ची एससी आहे, अमेरिकी बाजाराची. तिला लॅम्ब्डा सेन्सर आणि फ्रिक्वेन्सी व्हॉल्व्ह आहे, म्हणजे धुरातला ऑक्सिजन पाहून मिक्श्चर आपोआप सुधारणारी जोडी. तुझ्या युरोपीय गाडीत ते नाही. त्यामुळे माझे सगळे आकडे तुला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण उभ्या गाडीत प्रेशर गळण्याची गोष्ट दोन्हीकडे सारखी.

बारातेरादादांनी सांगितलंय त्यात एक भर. प्रेशर टिकवायचं काम मुख्यतः दोन गोष्टी करतात. पंपाच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो, तो पेट्रोल मागे टाकीकडे जाऊ देत नाही. आणि अ‍ॅक्युम्युलेटर, ज्यात स्प्रिंगच्या जोरावर पडदा पेट्रोल दाबून धरतो. माझ्या गाडीत पडदाच फाटला होता. त्याची तपासणी सोपी आहे: अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागच्या टोकाला एक बारीक रिटर्न नळी असते, ती काढायची आणि पंप चालवायचा. तिथून पेट्रोल आलं तर पडदा फाटला. कोरडं राहिलं तर पडदा शाबूत.

पंप इंजिन सुरू न करता चालवायला पुढच्या डिकीतल्या फ्यूजबोर्डवरचा पंपाचा रिले काढून तिथे फ्यूज असलेला जंपर लावतात. कोणत्या पिनमध्ये लावायचा ते तुझ्या वर्षाच्या वायरिंग डायग्रामवर पाहूनच ठरव, मधल्या वर्षांत बदल झाले आहेत.

आणि एक कळकळीची विनंती. या गाडीचा एअरबॉक्स, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा डबा, प्लास्टिकचा आहे. सुरू होताना बॅकफायर झाला तर तो फुटतो, आणि बदलायचा म्हणजे इंजिन खाली उतरवण्याइतकं काम. तुझ्या गाडीवर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का बघ. बॅकफायरचा दाब बाहेर सोडणारं एक स्प्रिंगचं झाकण असतं. नसेल तर बाकी कामाच्या आधी ते बसव. गरम असताना वारंवार सेल मारत राहणं एअरबॉक्सच्या जिवावर बेततं.

नाशिकचा_नोझलवाला

मी नाशिकला मायकोत नोकरी केली, आयुष्य डिझेलच्या नोझलांत गेलं. पेट्रोलच्या या इंजेक्टरचं प्रेशर आमच्या नोझलच्या मानाने अगदी थोडं, पण परीक्षा तीच तीन गोष्टींची: कितीला उघडतो, फवारा कसा पडतो, आणि बंद झाल्यावर थेंब गळतो का. तिसरी गोष्ट इथे महत्त्वाची. इंजेक्टर गळत असेल तर प्रेशर उतरतं, शिवाय ते पेट्रोल इनटेकमध्ये साठून गाडी ओव्हर होते. सातारकर, अडते तेव्हा पेट्रोलचा वास येतो का, आणि सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून काळा धूर निघतो का? निघत असेल तर इंजेक्टरवर किंवा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हवर (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल फवारणारा) संशय. नसेल तर पाना_बारातेरा म्हणतात तशी वाफ.

सातारी_श्टुटगार्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, काळा धूर नाही आणि ओव्हर झाल्यासारखा वासही नाही. ताई, पॉप-ऑफ व्हॉल्व्ह आधीच्या मालकाने बसवलेला आहे, झाकण हाताने उघडून पाहिलं, स्प्रिंग चांगली आहे.

गेज आला. आकडे असे:

सिस्टिम प्रेशर ४.८ बार.
कंट्रोल प्रेशर, रात्रभर उभ्या गाडीत, १.६ बार. रेग्युलेटरला करंट दिल्यावर सावकाश चढत ३.५ वर स्थिर.
पंप बंद केल्यावर: काटा आधी झर्रकन तीनच्या खाली आला, तिथे न थांबता उतरत राहिला आणि मिनिटाच्या आत शून्य.

पहिले दोन आकडे पाहून डिस्ट्रिब्युटर बदलायचा विषय माझ्यापुरता संपला. तिसऱ्यासाठी आता गळती कुठे ते शोधायचं आहे. क्रम काय ठेवू?

पाना_बारातेरा

शाबास. झर्रकन थोडं खाली येणं बरोबर आहे, इंजेक्टर मिटायला ते हवंच. तिथून पुढे काटा थांबायला हवा होता. चांगल्या गाडीत वीस मिनिटांनीही बार-दीड बार शिल्लक असतं. नेमकी किमान मर्यादा तुमच्या वर्कशॉप मॅन्युअलात आहे, तीच प्रमाण माना.

आता एकेक दार बंद करत जायचं. प्रत्येक वेळी पंप चालवून प्रेशर चढवायचं, पंप बंद करायचा आणि काटा पाहायचा.

आधी गेजचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाहा. आता काटा टिकला तर गळती वॉर्म-अप रेग्युलेटरमधून. नाही टिकला तर ताईंनी सांगितलेली अ‍ॅक्युम्युलेटरची बारीक नळी. तीही कोरडी निघाली तर टाकीपासून पंपाकडे येणारी रबरी नळी पंप बंद करताक्षणी क्लॅम्पने दाबून धरा. काटा टिकला म्हणजे पेट्रोल पंपातून मागे टाकीकडे पळत होतं, दोष चेक व्हॉल्व्हचा. तरीही उतरला तर डिस्ट्रिब्युटरच्या अंगातला प्रेशर रेग्युलेटर राहतो. त्याच्या आत एक ओरिंग असते, ती कडक होऊन पेट्रोल रिटर्नला सोडते. ओरिंग किरकोळ पैशांत येते. सर्वात शेवटी सहा इंजेक्टर आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह काढून काचेच्या बरण्यांत धरायचे आणि कुणाच्या तोंडाला थेंब जमतो ते पाहायचं.

क्लॅम्प सपाट, गोल कडांचा वापरा. दातेरी पकडीने जुनी नळी चिरते. चाळीस वर्षांची नळी तशीही बदलायचीच आहे, पण ती तुम्ही खाली झोपलेले असताना फुटायला नको.

आणि हे काम बंद गॅरेजात करू नका. बॅटरीच्या चार्जरची वायर, हीटर, पेटता बल्ब काही जवळ नको. डोळ्यांवर चष्मा. कोणताही जोड सोडताना वर कापड धरा, पाच बारचं पेट्रोल तोंडावर उडतं. पावडरचा एक्स्टिंग्विशर हाताशी, भिंतीवर टांगलेला नव्हे.

सातारी_श्टुटगार्ट

शनिवारी शेजाऱ्याला मदतीला घेऊन अंगणात उघड्यावर सगळं केलं.

गेजचा व्हॉल्व्ह बंद: काटा तसाच उतरला. रेग्युलेटर निर्दोष.
अ‍ॅक्युम्युलेटरची नळी: कोरडी ठणठणीत.
पंपाकडची नळी क्लॅम्प केली: काटा २.३ वर थांबला आणि थांबूनच राहिला. शेजारी खाली क्लॅम्प धरून, मी वर गेजकडे बघत. क्लॅम्प सोडल्याबरोबर काटा शून्याकडे निघाला. परत दाबून धरल्यावर परत टिकला.

चेक व्हॉल्व्ह सापडला म्हणायचा ना? याच्या पंपावर तो बाहेरून आट्यांनी बसवलेला दिसतोय, वेगळा मिळेल असं वाटतं.

हडसनकाठ

सापडला! पंप नंबर बघून मागव, वेगवेगळ्या पंपांना वेगळे व्हॉल्व्ह लागतात. सोबत तांब्याचे वायसर नवीन घे, जुने परत लावलेस तर झिरपतील. बसवताना पंपाचं तोंड एका पान्याने धरून दुसऱ्याने व्हॉल्व्ह आवळ. नाहीतर सगळा जोर पंपाच्या अंगावर येतो आणि तिथले आटे मऊ असतात.

पंप स्वतः किती देतो तेही याच वेळी मोज. रिटर्नची नळी मोजपात्रात सोडून ३० सेकंद पंप चालवायचा. पाऊण लिटरच्या वर आलं तर पंपात दम आहे. बराच काळ उभी असलेली गाडी आहे, म्हणून सांगते.

दादरचा_दर्दी

धागा वाचनखूण म्हणून ठेवला. एक शंका. माझ्याकडे जुनी स्पोर्ट्स कार नाही, पण १९९० च्या आधीची कार्ब्युरेटरची गाडी आहे. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं. इथेनॉलमुळे हा वाफेचा त्रास वाढतो का? आणि नळ्यांचं काय? जर्मनीत, अमेरिकेत काय करतात?

हडसनकाठ

दर्दी, दोन वेगळे प्रश्न आहेत.

वाफ: साध्या पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ वाढते. ती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास सर्वात जास्त असते आणि त्यापुढे हळूहळू कमी होते. शिवाय अमेरिकेत हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम जास्त लवकर वाफ होणारं बनवतात, थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये अचानक एखादा गरम दिवस आला आणि टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल असलं की जुन्या गाड्या रस्त्यात अडतात. भर जुलैपेक्षा तेव्हा जास्त. हा अनुभव माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक जुन्या गाडीवाल्याचा आहे.

रबर: जुन्या काळचं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ होतं, कोरडं पडलं की तडकतं. कार्ब्युरेटरमधले पडदे, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, पंपाचा पडदा, सगळ्यालाच हे लागू. नळी घेताना वर काय छापलंय ते वाच. इंजेक्शनच्या गाडीला इथे एसएई ३०आर९ प्रतीची नळी घेतात, स्वस्तातली साधी नळी इंजेक्शनच्या दाबाला चालत नाही. तुझ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब अगदी कमी आहे, पण इथेनॉल सहन करणारी नळी तुलाही हवी.

आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असशील तर आणखी एक. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. पंप तळातूनच ओढतो. टाकी गंजायला सुरुवात तिथूनच होते.

सातारी_श्टुटगार्ट

दर्दीदादा, जर्मनीत २०११ पासून ई१० आहे, पण शेजारी ई५ सुद्धा मिळतं, आणि ९८ ऑक्टेनच्या सुपर प्लसमध्ये इथेनॉल पाच टक्क्यांच्या आतच असतं. २०४ पीएसच्या एससीचं कम्प्रेशन ९.८ आहे, तिला ९८ लागतंच, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे.

आता निकाल. चेक व्हॉल्व्ह बदलला. टाकीकडची नळी बदलली, इंजिनाजवळच्या रबरी नळ्याही मागवल्या आहेत. पंप ३० सेकंदांत ८०० मिलीच्या वर देतो. बंद केल्यावर काटा २.४ वर थांबतो आणि वीस मिनिटांनी १.९.

काल श्वेबिश आल्बचा घाट चढून वर गेलो. ऊन कडक होतं. मुद्दाम गाडी उन्हात लावून अर्धा तास थांबलो. सेल मारला आणि पहिल्याच फेऱ्यांत सुरू झाली! परत उतरताना आणखी दोनदा थांबून पाहिलं, दोन्ही वेळा तसंच. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

एक गोष्ट राहते. गरम असताना स्लोवर आरपीएम हलतो, ९०० वरून ७०० ला येतो, परत वर जातो. हे आधीही होतं, पण मोठ्या त्रासात लक्ष गेलं नव्हतं. मिक्श्चरचा स्क्रू थोडा फिरवून पाहू का?

पाना_बारातेरा

स्क्रू नको! तुमचं कंट्रोल प्रेशर बरोबर आहे, म्हणजे मिक्श्चर बिघडायचं कारण बहुधा हवा आहे. या सिस्टिमला चकतीवरून जाणारीच हवा कळते. चकतीच्या पुढे कुठूनही चोरवाटेने हवा शिरली की तिच्या वाटणीचं पेट्रोल मिळत नाही आणि मिक्श्चर लीन होतं.

एक जुनी चाचणी आहे. गाडी स्लोवर ठेवून इंजिन ऑइलचं झाकण उघडा. ९११ मध्ये ऑइल टाकीची हवा इनटेकला जोडलेली असते, म्हणून झाकण उघडल्यावर इंजिन अडखळायला हवं, बंद पडायच्या बेताला यायला हवं. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच दुसरीकडून येते आहे.

सातारी_श्टुटगार्ट

झाकण उघडलं. इंजिनाला जवळपास फरक पडला नाही.

नाशिकचा_नोझलवाला

मग इंजेक्टर जिथे बसतात तिथली रबरं बघा. ते इंजेक्टर नुसते दाबून बसवलेले असतात, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर दगडासारखं कडक होतं. चालू इंजिनावर इंजेक्टर बोटाने हळूच हलवा. आवाज बदलला तर तीच चोरवाट. त्यानंतर इनटेकच्या रबरी बाह्या आणि सगळ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या. पेट्रोल किंवा क्लीनर फवारून शोधायची पद्धत काही जण सांगतील. गरम एअर-कूल्ड इंजिनावर ते कधीही करू नका. धुराचं मशीन असलेलं गॅरेज गाठा, दहा मिनिटांत दिसतं.

इंजेक्टर बाहेर काढलेच तर टेस्टरवर लावून घ्या. एकाचा फवारा चांगला आणि शेजारच्याची पिचकारी असेल तर कितीही ट्यूनिंग करा, स्लो गुळगुळीत होणार नाही.

सातारी_श्टुटगार्ट

काका, बरोबर जागा सांगितलीत. दोन इंजेक्टर बोटाने हलवताच आरपीएम बदलला. सहाही रबरं आणि ओरिंग बदलल्या, एका ऑइल ब्रीदर नळीला चीर होती तीही बदलली. आता झाकण उघडलं की इंजिन लगेच मान टाकतं, आणि स्लो ९०० वर स्थिर आहे. इंजेक्टर टेस्ट करून घेतले: पाच उत्तम, एक बंद झाल्यावर थेंब धरत होता, तो नवीन टाकला.

त्यानंतर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड, मिक्श्चर किती रिच ते यावरून कळतं) मोजून घेतला. थोडा जास्त निघाला. म्हणजे कुणीतरी आधी चोरहवा भरून काढायला स्क्रू रिचकडे फिरवला होता. ज्या मेकॅनिकने मोजला त्याने तीन मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने केसभर फिरवून, की बाहेर काढून, रेस देऊन, परत वाचन घेऊन, असं सावकाश बसवलं. की आत असताना अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा नाही, चकतीचा दांडा वाकतो, हे त्याने स्वतःहून सांगितलं. अशा माणसाकडे गाडी नेत राहायची असं ठरवलंय.

आता शेवटचं काम टाकीचं. जुना फिल्टर कापून पाहिला, आत तांबूस भुकटी होती. टाकी ८० लिटरची आहे, गंज तळाशी असणार. आतून लेप देणारी किट मिळतात. कुणी वापरलंय?

हडसनकाठ

मी दिलाय. सात वर्षं झाली, अजून शाबूत. पण आधी टाकी उतरवून आतून पूर्ण साफ आणि पूर्ण कोरडी केली होती. लेप इथेनॉल सहन करणारा आहे का ते बघूनच घेतला.

पाना_बारातेरा

ताई, तुमचा टिकला याचा आनंद आहे, पण मी लेपाच्या विरोधात आहे. माझ्याकडे आलेल्या दोन मर्सिडीजमध्ये लेपाची सालं निघाली होती. टाकीतली जाळी तुंबली, पुढे बारीक कण डिस्ट्रिब्युटरपर्यंत गेले. प्लंजर आणि त्याच्या नळकांड्यातलं अंतर इतकं सूक्ष्म असतं की एवढासा कणही त्याला अडकवतो, आणि मग जो डिस्ट्रिब्युटर आपण आज वाचवलाय तोच घालवून बसू. गंज वरवरचा असेल तर टाकी उतरवून रेडिएटर-टाकीवाल्याकडून रसायनाने धुऊन घ्या, जाळी नवीन लावा आणि टाकी भरलेली ठेवा. खड्डे पडले असतील तर टाकीच बदला.

नाशिकचा_नोझलवाला

माझं मत पाना_बारातेरा यांच्या बाजूने. धुतल्यावर पहिला फिल्टर हजारेक किलोमीटरनंतर परत कापून बघा. भुकटी नसेल तर दुसरा फिल्टर नेहमीच्या मुदतीपर्यंत चालवा.

सातारी_श्टुटगार्ट

ठरलं, लेप नाही. टाकी पुढच्या आठवड्यात उतरवतो, आत कॅमेरा घालून फोटो इथेच टाकतो. खड्डे आहेत की वरवरचा गंज, ते तुम्हीच बघून सांगा. तोवर पेट्रोल काढून ठेवायला मंजुरी असलेले कॅन आणले आहेत.